बाण, बांध आणि चंद्रनाथचा डोंगर

गोव्यातल्या कुठल्याही शाळकरी मुलाला विचारा, गोवा कसा झाला? तो लगेच सांगेल, परशुरामाने सह्याद्रीवरून बाण मारला, समुद्र मागे सरला आणि जी जमीन उघडी पडली तो आपला गोवा. बाण जिथे पडला ती बाणावली. ही कथा आपण आजीच्या मांडीवर ऐकली, शाळेच्या स्नेहसंमेलनात तिची नाटुकली केली आणि बाहेरगावच्या पाहुण्यांना ती अभिमानाने सांगितली. कथा खरी की खोटी, हा वाद मला येथे घालायचा नाही. पुराणकथेला असा प्रश्न विचारायचा नसतो. तिला विचारायचा प्रश्न वेगळा असतो. ती कशाची आठवण सांगते, आणि सांगता सांगता कोणाला विसरते?

या प्रश्नाचे उत्तर पुस्तकांतून शोधता येतेच, पण ते डोळ्यांनी पाहायचे असेल तर एक सोपी जागा आहे. सासष्टी आणि केपे यांच्या सीमेवरचा पारोड्याचा चंद्रनाथचा डोंगर. मडगावहून फार तर बारा-पंधरा किलोमीटर. उंची सुमारे साडेतीनशे मीटर. सह्याद्रीच्या मानाने हा डोंगर म्हणजे टेकडीच. पण आजूबाजूचा प्रदेश सपाट असल्यामुळे तो एकटाच उठून दिसतो आणि माथ्यावरून सासष्टीचा सगळा किनारा एका नजरेत येतो.

आता बऱ्याच उंचीपर्यंत गाडीरस्ता झाला आहे. तरीही पायी चढण्यात जी मजा आहे ती गाडीत नाही. पायथ्याशी माड, पोफळी आणि शेते. थोडे वर गेले की काजू, मग रानझाडांची दाट सावली. पावसाळ्यानंतर गेलात तर जांभ्या दगडावर शेवाळ असते, पाय जपून टाकावा लागतो. मध्येच झाडी विरळ होते आणि खाली कुशावती नदीचे वळण दिसते. पारोड्याची माणसे हिला पारोड्याची नदी म्हणूनच ओळखतात. जोराच्या पावसात ती पारोड्याचा रस्ता पाण्याखाली घेते, ही बातमी आपण दरवर्षी वाचतो. शेवटच्या पायऱ्या चढून गेले की चंद्रेश्वर आणि भूतनाथ यांची देवळे येतात. चंद्रेश्वराचे लिंग म्हणजे डोंगराचाच खडक. पौर्णिमेच्या चांदण्याचा स्पर्श झाला की या खडकाला पाझर फुटतो, असे भाविक सांगतात. महाशिवरात्रीला येथे मोठी गर्दी लोटते. एरवी वाऱ्याचा आवाज तेवढा असतो.

देवाचे नाव चंद्रेश्वर, डोंगराचे चंद्रनाथ आणि पायथ्याशी कुशावतीच्या काठावर चांदर. चांदर म्हणजे प्राचीन चंद्रपूर. भोज राजा देवराज याचा शिरोड्याला सापडलेला ताम्रपट याच नगरातून दिलेला आहे, आणि विद्वान त्याचा काळ साधारण चौथे शतक मानतात. पुढे कदंबांनीही येथून राज्य केले आणि अकराव्या शतकात ते जुवारीच्या काठी गोपकपट्टणाला, म्हणजे आजच्या थोरल्या गोव्याला गेले. १९२९ साली फादर हेरास यांनी चांदरच्या कोटात खोदकाम केले. तेव्हा शिवमंदिराचा पाया आणि डोके उडालेला नंदी हाती लागला. तो नंदी पाहिला की हजार-दीड हजार वर्षे एकदम अंगावर येतात. पुढे नव्या काबिजादीत केप्याच्या या भागाला 'चंद्रवाडी' हेच नाव होते. राज्ये बदलली, पण चंद्र काही या भागाच्या नावातून गेला नाही!

आता माथ्यावर पश्चिमेला तोंड करून उभे राहू. समोर मडगावची घरे, त्यापलीकडे माडांचा हिरवा पट्टा आणि त्याच्याही पलीकडे समुद्राची निळी रेघ. उत्तरेला मुरगावच्या टोकापासून दक्षिणेला बेतूलपर्यंत ही रेघ जवळजवळ सरळ जाते. मध्ये कोलवा, त्याच्या बाजूला बाणावली. पाठीमागे वळलात तर सह्याद्रीच्या रांगा. म्हणजे बाण सोडण्याची जागा आणि बाण पडण्याची जागा, दोन्ही येथून दिसतात. ज्या कोणी ही कथा प्रथम सांगितली त्याने असल्याच एखाद्या उंच जागेवरून हा देश पाहिला असावा, असे वाटल्याशिवाय राहत नाही. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये ही सपाट जमीन अगदी नुकतीच कोणीतरी अंथरल्यासारखी दिसते.

कथा जुनी आहे, यात शंका नाही. कालिदासाच्या रघुवंशात, चौथ्या सर्गात, रघूचे सैन्य सह्याद्रीच्या बाजूने जात असताना परशुरामाच्या अस्त्राने दूर लोटलेला समुद्र पुन्हा सह्याद्रीला येऊन भिडल्यासारखा भासतो, अशी कल्पना आहे. म्हणजे कालिदासाच्या काळी ही गोष्ट वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागत नव्हती. पुढे स्कंदपुराणाचा भाग म्हणवणाऱ्या सह्याद्रिखंडात ती विस्ताराने आली. परशुरामाने त्रिहोत्रातून ऋषिकुळे आणून येथे वसवली, सहासष्ट गावांची सासष्टी, तीस गावांची तिसवाडी, असा सारा तपशील तेथे मिळतो. आपल्याच जुझे जेर्सन द कुन्य यांनी या ग्रंथाची संपादित आवृत्ती १८७७ मध्ये मुंबईत प्रसिद्ध केली.

पण हा परशुराम मूळचा कुठला? आपण गोवेकर कथेचा उत्तरार्धच सांगतो. पूर्वार्ध ऐकायचा असेल तर पार माळव्यात जावे लागते. इंदूर जिल्ह्यात, महू तालुक्यात, आग्रा-मुंबई रस्त्याच्या बाजूला जानापाव नावाचा डोंगर आहे. इंदूरहून साधारण ४५ किलोमीटर. उंची ८५४ मीटर. ऐकायला ही उंची मोठी वाटते, पण माळव्याचे पठारच साडेपाचशे मीटरच्या आसपास असल्याने प्रत्यक्ष चढ आपल्या चंद्रनाथपेक्षा फार मोठा नाही. माळव्यातली परंपरा सांगते की जमदग्नी ऋषींचा आश्रम येथे होता आणि रेणुकेच्या पोटी परशुरामाचा जन्म येथेच झाला. कार्तिकी पौर्णिमेला तेथे जत्रा भरते. होळकरांच्या काळापासून इंदुरात स्थायिक झालेल्या मराठी माणसांना जानापाव चांगला परिचयाचा आहे. परशुरामाचे जन्मस्थान म्हणून इतरही ठिकाणे सांगितली जातात. पण जानापावच्या बाजूने एक गोष्ट बोलते, ती म्हणजे भूगोल. डोंगर उतरून नर्मदेकडे गेले की महेश्वर येते. अहिल्याबाई होळकरांची ही राजधानी म्हणजेच सहस्रार्जुनाची माहिष्मती, असे परंपरा मानते. वर ऋषीचा आश्रम, खाली नदीकाठी राजाचे नगर आणि मधल्या वाटेवर पळवून नेलेली गाय! कथेतले भांडण नकाशावर नेमके बसते.

जानापावची दुसरी गंमत अशी की तो पाणलोटाचा डोंगर आहे. साडेसात नद्या येथून निघतात असे तिकडचे लोक म्हणतात. ही अर्धी नदी कोणती, ते त्यांनाच ठाऊक! त्यांतली चंबळ उत्तरेला यमुनेकडे जाते आणि तिचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते. चोरल आणि कारम दक्षिणेला नर्मदेत उतरतात आणि ते पाणी आपल्या अरबी समुद्रात येते. जानापाववरून समुद्र दिसत नाही. तो शेकडो किलोमीटर लांब आहे. पण त्या डोंगरावर पडलेल्या पावसाचा काही वाटा त्याच समुद्राला मिळतो, ज्याच्याकडे आपण चंद्रनाथवरून बघत असतो. कथेतल्या परशुरामाने पृथ्वी कश्यपाला दान दिली. दान दिलेल्या भूमीवर राहता येईना, म्हणून तो दक्षिणेला समुद्राशी आला आणि त्याच्याकडून नवी जमीन घेतली. म्हणजे माळव्यातल्या डोंगरावर सुरू झालेली ही कथा सासष्टीच्या किनाऱ्यावर येऊन पुरी होते. उत्तरेकडून कुळे टप्प्याटप्प्याने खाली किनाऱ्याला आली, याची आठवण या कथेत साठली आहे, असे अनेक अभ्यासक मानतात आणि ते पटण्यासारखे आहे.

एवढे झाले आठवणीचे. आता विसरण्याचे बघू.

पहिली गोष्ट. कथेप्रमाणे येथे आधी फक्त पाणी होते, माणूस नव्हता. चंद्रनाथच्या पायथ्याशी वाहणाऱ्या कुशावतीच्या काठाकाठाने उगमाकडे गेलात तर रिवणच्या पुढे उसगाळीमळ लागते. तेथे जांभ्याच्या सपाट खडकावर बैल, हरणे, माणसे आणि भूलभुलैयासारखी चक्राकृती कोरलेली आहे. १९९३ मध्ये ही चित्रे अभ्यासकांपुढे आली. त्यांच्या काळाबद्दल मतभेद आहेत, पण ती इतिहासपूर्व काळातली आहेत याबद्दल दुमत नाही. म्हणजे ताम्रपट देणारे भोज राजे येण्याच्या कितीतरी आधी, कोणत्याही ऋषिकुळाच्या आधी, या नदीच्या काठावर माणसे राहत होती, शिकार करत होती आणि दगडावर आपले जग कोरत होती. रोयण म्हणजे वारुळ पुजणारे आपले गावडे, कुणबी, वेळीप यांचे या भूमीशी असलेले नाते आर्यपूर्व मानले जाते. त्यांना या बाणाच्या कथेत जागाच नाही. भूमी रिकामी होती असे एकदा म्हटले की आधीच्या माणसाचा हक्क आपोआप पुसला जातो. हे जगभर झाले आहे. पुराणकथेने केले काय आणि जिंकणाऱ्यांच्या दप्तराने केले काय, परिणाम एकच.

दुसरी गोष्ट समुद्राची. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी शेवटचे हिमयुग ऐन भरात असताना जगभरच्या समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होती. मग बर्फ वितळत गेले आणि समुद्र आत आत येत गेला. निसर्गाने केलेली मोठी हालचाल कथेच्या नेमकी उलट्या दिशेची आहे. समुद्र स्थिरावल्यावर लाटांनी वाळूचे पट्टे घातले, नद्यांनी गाळ आणला आणि सासष्टीसारख्या किनाऱ्यामागे खारट दलदली, खाड्या आणि कांदळवने तयार झाली. अशा जमिनीवर भात पिकत नाही. भरतीचे पाणी दिवसातून दोन वेळा येते आणि मीठ ठेवून जाते.

मग आज माथ्यावरून जी हिरवी शेते दिसतात ती कोठून आली? पुन्हा एकदा नीट बघा. साळ नदीच्या कडेने, चिंचणी आणि असोळण्याच्या बाजूला, उत्तरेला जुवारीच्या फाट्यांजवळ, शेते आणि पाणी यांच्यामध्ये बारीक रेघा दिसतात. त्या रेघा म्हणजे बांध. या शेतांना आपण खाजन म्हणतो. गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन आहे, असे सांगितले जाते. चिखल, पेंढा, लाकूड आणि जांभे दगड वापरून हे बांध घातलेले असतात. बांधात ठिकठिकाणी मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचे दार. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या जोराने झडप आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या जोराने उघडते आणि पावसाचे जादा पाणी बाहेर जाते. त्याच दारात जाळे लावले की मासळी मिळते. पावसाचे पाणी मीठ धुऊन काढते आणि कोरगुटसारखे खारेपणा सोसणारे भात तेथे उभे राहते. यंत्र नाही, वीज नाही. चंद्र जशी भरती-ओहोटी घडवतो तशी ही दारे उघडतात आणि मिटतात. चंद्रनाथच्या पायथ्याच्या मुलखाला हे शोभूनच दिसते!

समुद्राकडून जमीन घेतली ती अशी. एका बाणाने नव्हे, टोपलीटोपलीने.

याला पुरावा आहे आणि तो जुना आहे. बांदिवड्याला सापडलेल्या कोकणच्या मौर्यांच्या ताम्रपटात, अनिर्जितवर्मा या राजाच्या दानपत्रात, खाजन जमिनीचा उल्लेख येतो. काळ साधारण पाचवे-सहावे शतक. दान घेणाऱ्याने माणसे लावून रान साफ करावे, बांध घालून खारे पाणी अडवावे आणि शेत करावे, असा त्याचा आशय आहे. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी ही कला येथे मुरलेली होती. दान घेणारा ब्राह्मण, दान देणारा राजा आणि बांध घालणारी 'माणसे'. पहिल्या दोघांची नावे तांब्यावर कोरली गेली. तिसऱ्यांची नाहीत.

यानंतर हजार वर्षांनी दुसरा कागद येतो. पोर्तुगीज अधिकारी आफोंसु मेशिया याने १६ सप्टेंबर १५२६ रोजी गावकारींच्या रूढींची सनद, म्हणजे प्रसिद्ध 'फोराल', तयार केली. तिच्या आरंभी गावांच्या उत्पत्तीची जी हकीकत दिली आहे तीत बाण नाही आणि परशुरामही नाही. फार पूर्वी चार माणसे ओसाड जागेवर आली, त्यांनी ती सुधारली, नीट कारभार केला, वस्ती वाढली आणि म्हणून त्यांना गावकार म्हणू लागले, अशी ती साधी हकीकत आहे. परक्या सत्तेच्या कारकुनाने गावकऱ्यांच्या तोंडून ऐकून ती लिहून घेतली असणार. मला ती फार मोलाची वाटते. आपली माणसे पुराण सांगताना बाण सांगत होती, पण सरकारपुढे आपल्या हक्काचे मूळ सांगायची वेळ आली तेव्हा मेहनत सांगत होती.

अर्थात या चार माणसांच्या गोष्टीतही विसरणे आहेच. गावकारीचा वार्षिक वाटा, म्हणजे जोण, मिळायचा तो मूळ कुळांच्या पुरुष वंशजांना. गावकारीने बांध राखले, मानशीचा लिलाव केला, तळी उपसली, देवळे चालवली. ही व्यवस्था शेकडो वर्षे टिकली याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. पण फुटलेला बांध भरायला भर पावसात, भरतीच्या पाण्यात छातीपर्यंत उभे राहणारे कोण होते? बहुतेक वेळा ते कुणबी आणि गावडे होते. जमिनीचे कागद हाताळणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाला हे रोज दिसते. एक-चौदाच्या उताऱ्यावर कब्जेदाराचा रकाना आहे, कुळाचा रकाना आहे. बांध घालणाऱ्याचा रकाना कोठेच नाही.

हे केवळ गोव्याचे नाही. परशुरामाच्या कथेचा नकाशा काढा. उत्तर कोकणापासून केरळपर्यंत ती सांगतात. चिपळूणजवळ परशुरामाचे देऊळ उंचावर आहे आणि तेथून वाशिष्ठीच्या खाडीचा देखावा दिसतो. आपल्याकडे काणकोणात पैंगीणला परशुरामाचे देऊळ आहे. केरळात तो बाण मारत नाही, परशू फेकतो. आता दुसरा नकाशा काढा, खाऱ्या पाण्याला बांध घालून भात पिकवणाऱ्यांचा. रायगड-रत्नागिरीत खारभूमी, गोव्यात खाजन, उत्तर कन्नडात अघनाशिनीच्या काठी गजनी, केरळात कैपाड आणि पोक्कळी. दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवले तर बरेचसे जुळतात! समुद्र हटवल्याची कथा नेमकी त्याच किनाऱ्यावर सांगितली जाते जेथे समुद्र खरोखर हटवला गेला. हा केवळ योगायोग असेल असे मला वाटत नाही. हजारो हातांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेले काम कथेत शिरताना एका धनुर्धराच्या नावावर जमा झाले, एवढेच.

डोंगरावरून आणखी एक गोष्ट समजते. १५४३ मध्ये सासष्टी पोर्तुगीजांकडे गेली आणि १५६७ मध्ये तेथील देवळांवर घाला आला. मडगावचा दामोदर जांबावलीला गेला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, कुठ्ठाळीचा मंगेश मंगेशीला. चंद्रनाथवरून उजवीकडे-डावीकडे बोट फिरवले तर देव निघाले ती गावे आणि देव पोचले तो मुलूख, दोन्हींची दिशा दाखवता येते. दक्षिणेला कुंकळ्ळी. तेथे १५ जुलै १५८३ रोजी गावकारांनी पाच जेझुइटांसह आलेल्या मंडळींवर हल्ला केला. नंतर बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून गावाच्या प्रमुखांना ठार मारण्यात आले. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला गेली.

देव रातोरात नदीपार नेता आला. बांध नेता आला नाही. शेत सोडून जाणे म्हणजे पिढ्यांची मेहनत भरतीच्या हवाली करणे. म्हणून कित्येक घरांत एक भाऊ देवाबरोबर गेला आणि एक भाऊ शेताबरोबर राहिला, असे आपल्याकडे सांगतात. मागे राहिलेल्याने नवा धर्म घेतला. या राहिलेल्यांकडे आपण कधी कधी 'बाटले' म्हणून बघतो. ते बघणे चुकीचे आहे, असे मला चंद्रनाथच्या माथ्यावर उभे राहिले की फार स्पष्ट दिसते. त्यांनी बांध राखले म्हणून सासष्टी आज जमिनीवर आहे. आणि ते तरी सगळे विसरले कोठे? चांदरचे ख्रिस्ती लोक कार्निव्हलच्या दिवसांत आजही 'मुसळ खेळ' खेळतात, मुसळे आपटत जुन्या राजांच्या विजयाची गाणी म्हणतात. कोटातला नंदी डोके हरवून बसला आहे, पण गावाचे स्मरण शाबूत आहे.

मुक्तीनंतरची गोष्टही सांगायला हवी. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमीन मिळवून दिली. हे न्याय्यच झाले. रायगडच्या खारेपाटात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत जमीन न पिकवता संप केला होता, तो याच न्यायासाठी. बांध घालणाऱ्या हातांना जमिनीवर नाव मिळायला दीड हजार वर्षे लागली म्हणायची! पण जमिनीबरोबर बांधाची जबाबदारीही गावकारीकडून कुळांच्या संघटनांकडे आली आणि बऱ्याच ठिकाणी ती कोणाचीच उरली नाही. शेती परवडेना, मुले नोकरीला आणि परदेशी गेली, मजूर मिळेनात. कोठे मासळीच्या लोभाने मानस अवेळी उघडी ठेवली गेली, कोठे बांध फुटला तो फुटलाच. खारे पाणी आत आले, भाताच्या जागी कांदळवन उगवले. कांदळवन वाईट नाही, पण तेथे एकेकाळी शेत होते हे मग नातवाला सांगावे लागते. काही ठिकाणी तर मातीचा भराव पडतो आणि घरे उठतात. भराव घालणाऱ्याला वाटते आपण रिकामी जागा कामाला लावली. पुन्हा तेच, 'रिकामी' जागा!

आता तर समुद्राची पातळी वाढते आहे, हे शास्त्रज्ञ आकडेवारीनिशी सांगतात. कालिदासाने कल्पना म्हणून लिहिलेला, सह्याद्रीकडे परत येणारा समुद्र आपल्या नातवंडांच्या काळात कल्पना राहील की नाही, कोणास ठाऊक. बाणाच्या कथेत एक मोठा धोका आहे. बाण एकदा सुटला की काम संपले. समुद्राने कायमचे दान दिले, आता आपण निवांत! बांधाचे तसे नाही. तो दर पावसाळ्यापूर्वी बघावा लागतो, खेकड्यांनी पाडलेले भोक बुजवावे लागते, मानशीची फळी बदलावी लागते. आपल्या पूर्वजांना समुद्राने जमीन दिली नाही, वर्षावर्षाच्या कराराने वापरायला दिली. करार मोडला की ती परत जाते.

म्हणून मुलांना परशुरामाची गोष्ट जरूर सांगावी. ती सुंदर आहे, माळव्यातल्या डोंगरापासून आपल्या किनाऱ्यापर्यंत आपल्याला जोडणारी आहे. पण ती सांगून झाल्यावर त्यांना एखाद्या रविवारी चंद्रनाथवर पायी न्यावे. पाऊस ओसरल्यावर न्यावे, तेव्हा हवा स्वच्छ असते आणि भात पिकत आलेले असते. बाणावली दाखवावी. मग साळ नदीच्या काठच्या त्या बारीक रेघा दाखवाव्यात आणि त्या कोणी घातल्या, ते सांगावे. त्यांची नावे आपल्याला सांगता येणार नाहीत. काम मात्र अजून दिसते आहे, तोवर दाखवून घ्यावे.